फेलोशिपचा अर्ज: आधी संमतीपत्र, मग बाकीचे

गेल्या खेपेला माझ्या अर्जात सगळे होते, एक कागद सोडून. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानात जत्रेच्या नाटकांच्या जुन्या वह्या आहेत. हाताने उतरवलेल्या मराठी संहिता, नटांच्या सुट्या नकला, समासात पेटीवाल्यासाठी केलेल्या खुणा. त्यांचा डिजिटल संग्रह करायचा म्हणून डिजिटल ह्युमॅनिटीजच्या, म्हणजे संगणकाच्या मदतीने साहित्य-इतिहास अभ्यासण्याच्या, फेलोशिपला अर्ज केला. वह्यांच्या मालकांची लेखी परवानगी मात्र जोडली नाही. देवस्थान समितीचे अध्यक्ष तोंडी म्हणाले होते, "काड गो फोटो, कोण ना म्हणटा?" तेवढ्यावर मी निर्धास्त राहिले आणि अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला.

म्हणून यंदा पहिल्या दिवशी संमतीपत्र. विषयाचे शीर्षक ठरले नसले तरी चालेल.

त्याला वेळ का लागतो तेही समजून घ्या. गोव्यातली देवस्थाने महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या नोंदलेल्या सभासद कुटुंबांची, आणि त्यांचा कारभार अजून १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमांवर चालतो. समिती दर तीन वर्षांनी बदलते. आजच्या अध्यक्षांचा शब्द उद्याच्या समितीला बंधनकारक नसतो, त्यामुळे समितीचा ठराव हवा आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत हवी. बैठक गणेश चवथीच्या दिवसांत होणार नाही, जत्रेच्या धामधुमीत तर नाहीच. तीन महिने हाताशी ठेवा.

पत्रात चार गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: फोटो काढणे, प्रती जपून ठेवणे, त्या इंटरनेटवर सर्वांना खुल्या करणे, आणि इतर संशोधकांनी त्या वापरणे. "छायाचित्रणास हरकत नाही" एवढ्याच ओळीचे पत्र कामाचे नाही. ब्रिटिश लायब्ररीच्या २००४ पासून चालू असलेल्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅमसारख्या योजनेत मूळ कागद देशाबाहेर जात नाहीत, पण डिजिटल प्रती संशोधनासाठी खुल्या ठेवाव्या लागतात. तिसरा मुद्दा नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ उरत नाही.

वह्या कुणाच्या घरी असतील तर आणखी जपा. आपल्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते आणि लेकींनाही लेकांइतकाच वाटा असतो. थोरल्या भावाने होकार दिला म्हणून काम झाले असे समजू नका. मुंबईला दिलेल्या बहिणीचीही सही घ्या.

वहीची मालकी एक आणि नाटकाचा कॉपीराइट दुसरा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. गावचा नाटककार १९८० साली वारला असेल तर २०४० संपेपर्यंत त्याच्या वारसांचे दुसरे संमतीपत्र लागेल. होय, दुसरे.

प्रस्तावात प्रश्न आधी मांडा, यंत्र नंतर. "वह्या स्कॅन करणार" हा प्रश्न नव्हे. एकच नाटक तीन गावांत उतरवताना संवाद कुठे गळले, पदे कुठे बदलली, हा प्रश्न झाला. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आणि पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास संशोधन केंद्रात एकेक दिवस बसून तिथे काय आहे, काय आधीच स्कॅन झाले आहे, ते पाहून या. त्याच कामासाठी दुसऱ्यांदा पैसे कुणी देत नाही.

तंत्राच्या बाजूला खोटा उत्साह नको. चित्रातली अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर छापील मराठी बऱ्यापैकी वाचते, हस्ताक्षर नाही. हस्ताक्षर वाचणाऱ्या ट्रान्सक्रिबसला एक हस्ताक्षर शिकवायचे तर साधारण ५,००० ते १५,००० शब्द आधी आपण अचूक उतरवून द्यावे लागतात. ते महिने वेळापत्रकात दाखवा. चारशे डीपीआयला (दर इंचाला चारशे ठिपके) ए-फोर आकाराचे रंगीत पान टिफ फाइलमध्ये सुमारे ४६ एमबी होते. ५,००० पानांचे सव्वादोनशे जीबीहून जास्त, आणि त्याच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. डिस्कचा खर्च यावरून काढा, अंदाजाने नको. छायाचित्रण पावसाळ्यात धरू नका. जुना कागद ओल ओढून घेतो आणि पाने एकमेकांना चिकटतात. उरलेल्या महिन्यांत वह्या कुठल्या खोलीत, कुणासमोर उघडणार, तेही त्याच ठरावात लिहून घेतलेले बरे.

पैसा परदेशातून संस्थेच्या नावावर येणार असेल तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी चालू आहे का ते विचारा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, तेव्हा "आमच्यामार्फत घेऊ" असे कुणी म्हणाले तर थांबा. संहिता उतरवणाऱ्यांचा मेहनताना अंदाजपत्रकात हवाच. ते काम फुकट करून घेऊ नये.

शिफारसपत्रे महिनाभर आधी मागा. सीव्ही, शब्दमर्यादा, पीडीएफ, नेहमीचेच. पोर्टल शेवटच्या रात्री अडकते, दोन दिवस आधी पाठवा.

पाठवण्याआधी जोडलेली फाइल एकदा उघडून बघा. ठराव आहे? शिक्का वाचता येतो? चारही मुद्दे आहेत? नसतील तर अर्ज पाठवू नका, समितीची पुढची बैठक कधी ते आजच फोन करून विचारा.