पहिल्या पुल रिक्वेस्टला लगेच उत्तर द्या
ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात, आलेला विद्यार्थी टिकवायचा असेल, तर त्याच्या पहिल्या पुल रिक्वेस्टला (‘माझा बदल प्रकल्पात घ्या’ अशा विनंतीला) दोन दिवसांच्या आत उत्तर द्या. कोड तपासायला वेळ नसला, तरी ‘पाहिलं, रविवारी सविस्तर लिहितो’ एवढी ओळ पुरते. आठवडाभर काहीच उत्तर आलं नाही, की मुलं गुपचूप निघून जातात.

बक्षिसाच्या आमिषावर फार विसंबू नका. हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) एखाददुसरा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला. शेवटी जे प्रकल्प स्वतःहून होकार देतील त्यांच्यापुरताच तो उपक्रम ठेवावा लागला.

गूगल समर ऑफ कोड या नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांशी जोडणाऱ्या उपक्रमात कोडिंगआधी ओळखीपाळखीसाठी काही आठवडे राखून ठेवतात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. कॉलेजच्या उपक्रमातही तसंच करा: पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर फक्त आपल्या लॅपटॉपवर चालवून बघायचं आणि जिथे अडलं, ती पायरी इन्स्टॉलेशनच्या सूचनांमध्ये दुरुस्त करायची. हे काम नवख्यालाच चांगलं जमतं, कारण जुन्यांना ती अडचण दिसेनाशी झालेली असते. दुरुस्ती मर्ज झाली, म्हणजे प्रकल्पात घेतली गेली, की रिलीजच्या (नव्या आवृत्तीच्या) नोंदीत त्याचं नाव आवर्जून घाला आणि पुढचं छोटं काम त्याच दिवशी सुचवा.