पेशीतलं कॅल्शियम: उत्तरपत्रिकेतल्या या चुका टाळा

‘पेशीत कॅल्शियम वाढलं की स्नायू आकुंचन पावतो.’ उत्तरपत्रिकेत हे वाक्य हमखास भेटतं. चूक नाही, पण वाढलं ते आलं कुठून? गुण तिथेच जातात.

पेशी शांत असताना पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं; पेशीबाहेर १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा-वीस हजार पट. आतला मुख्य साठा आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात. बरेच जण तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) लिहितात. त्या कॅल्शियम ओढून घेतात हे खरं, पण कोठार त्यांचं नव्हे. कोठार भरतो सर्का पंप, म्हणजे कॅल्शियम जालिकेत ढकलणारं प्रथिन; पेशीचं इंधन असलेल्या एका एटीपीमागे दोन कॅल्शियम आयन. दार उघडतात रायनोडीन किंवा आयपी-थ्री रिसेप्टर, म्हणजे कोठाराच्या पटलावरची कॅल्शियम बाहेर सोडणारी प्रथिनं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हृदय आणि हातापायाचे स्नायू एकाच साच्यात बसवणं. हातापायाच्या स्नायूत पेशीपटलावरचं प्रथिन रायनोडीन रिसेप्टरला थेट खेचून दार उघडतं. बाहेरून कॅल्शियम आत यावंच लागत नाही. हृदयात मात्र आधी बाहेरचं थोडं कॅल्शियम शिरतं आणि ते कोठारातलं पुष्कळ बाहेर काढतं. हा फरक लक्षात राहात नसेल तर ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर आठवा. बेडकाचं हृदय त्यांच्या मिठाच्या द्रावणात छान धडधडत होतं. मग कळलं, द्रावण लंडनच्या नळाच्या पाण्यात बनलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी वापरल्यावर धडधड मंदावून थांबली! नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमची ही करामत त्यांनी १८८३ साली छापली. दवाखान्यातल्या ‘रिंगर लॅक्टेट’च्या बाटलीवरचं नाव त्यांचंच.

आजारांच्या प्रश्नात ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ला काही जण साधा ताप समजून पॅरासिटामॉल लिहितात. हा ताप नव्हे. बहुतेकदा रायनोडीन रिसेप्टर बनवणाऱ्या आरवायआर-१ जनुकात दोष असतो. हॅलोथेनसारखी भूल किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध मिळालं की कोठाराचं दार उघडंच राहातं. स्नायू ताठरतात, सर्का गळती उपसत एटीपी जाळत सुटतो आणि अंग भट्टीसारखं तापतं. उतारा डँट्रोलीन हे औषध, कारण ते दारावरच काम करतं. याच दाराचा हृदयातला भाऊ आरवायआर-२. तो बिघडला तर व्यायामात किंवा भावनिक ताणात ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते.

आणि रक्तदाबाची गोळी अ‍ॅम्लोडिपिन ‘कॅल्शियम ब्लॉकर’ आहे म्हणून घरच्यांचं दूध बंद करू नका. ती गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींतली कॅल्शियमची वाट अडवते, रक्तातलं कॅल्शियम कमी करत नाही.