हे पान माझ्या कामाचं आहे का? आपली शिकण्याची तऱ्हा ओळखून कसं ठरवावं

वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची आहेत. गूगलवर शोधलं की व्हिडिओ, वकिलांचे लेख, सरकारी परिपत्रकं, बातम्या असा ढीग समोर येतो. त्यातलं कामाचं कोणतं हे ठरवताना आपली शिकण्याची तऱ्हा मध्ये लुडबुड करते. तिला आवर घालायचा तो असा.

आधी प्रश्न कागदावर लिहा, एका वाक्यात. नुसतं ‘वारस नोंद’ पुरत नाही. ‘अर्ज कुठे करायचा आणि सोबत कोणती कागदपत्रं जोडायची?’ असं लिहा.

मग स्वतःची तऱ्हा ओळखा. ब्रिटिश अभ्यासक गॉर्डन पास्क यांनी १९७६ मध्ये याची चांगली मांडणी केली आहे. काहींना आधी सगळं चित्र डोळ्यांसमोर लागतं, काही जण एकेक पायरी पक्की करत पुढे सरकतात. गोंधळ दोघांचाही होतो, पण उलट दिशांनी. पहिल्यांना दूरचा संबंध असलेलं पानही कामाचं वाटतं. वारस नोंदीपासून निघतात, मृत्युपत्र, वाटणीपत्र करत हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपर्यंत पोचतात. अर्ज तसाच राहतो. दुसरे ‘पायरी १, पायरी २’ दिसलं नाही की पान बंदच करतात. मग फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) म्हणजे काय, त्यावर हरकत घ्यायला मुदत का देतात, हे कळतच नाही आणि नोटीस हातात पडली की धांदल उडते.

तुम्ही पहिल्या गटातले असाल तर पान उघडताच कागदावरच्या प्रश्नाचं उत्तर देणारं वाक्य शोधा. दोन मिनिटांत सापडलं नाही तर टॅब बंद, लेख कितीही रंगतदार असो. दुसऱ्या गटातले असाल तर फेरफाराची प्रक्रिया समजावणारं एक तरी पान मुद्दाम शेवटपर्यंत वाचा.

व्हिडिओ की मजकूर, हे मात्र आवडीवर सोडू नका. आवडत्या पद्धतीने शिकवलं की जास्त समजतं याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवलं. ई-हक्क या महाराष्ट्र सरकारच्या ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीत माहिती कुठे भरायची हे पाहायला व्हिडिओ बरा. कागदपत्रांची यादी लेखी घ्या, पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

आता राज्य पाहा. जमीन महसुलाचे कायदे राज्यागणिक वेगळे असतात. व्हिडिओत ‘दाखिल-खारिज’ (फेरफाराला तिकडचा शब्द) ऐकू आलं तर तो उत्तर प्रदेश-बिहारकडचा समजा. समजावणारा कितीही गोड बोलो, आपल्या उपयोगाचा नाही.

उरलेल्या दोन-तीन पानांची तारीख बघा. नंतर ई-हक्कचं प्रत्यक्ष संकेतस्थळ शेजारी उघडून पहिल्या दोन पायऱ्या जुळतात का ते पाहा. सांगितलेलं बटण तिथे नसेल, तर ते पान जुनं झालंय.