हात धुवायला शिकवण्याआधी: प्रशिक्षणाची तयारी

इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांना हात धुण्यापासून कचरा आणि सुईपर्यंत संसर्ग टाळायचं प्रशिक्षण द्यायचं असेल, तर तारीख ठरवण्याआधी ड्युटी रोस्टर समोर घ्या. ५ मे हा जागतिक हात स्वच्छता दिन, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तोच मुहूर्त धरतात. गोव्यात तो सोयीचाही पडतो, कारण पाऊस लागला की डेंगी आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) रुग्णांच्या गर्दीतून कोणालाच सोडता येत नाही. गणेश चवथीच्या आठवड्याचं तर नावच काढू नका. एकाच बैठकीत सगळ्यांना उरकायचा मोह टाळा. दोन-तीन तुकड्या करा आणि त्यातली एक रात्रपाळीवाल्यांसाठी ठेवा, तीही अर्ध्या तासात संपणारी. रात्रभर जागलेल्या सिस्टरला दोन तास खुर्चीत बसवलं तर ती हजेरीपुरतीच बसते.

मग नावांची यादी करा. डॉक्टर आणि सिस्टर यादीत असतातच, गळतात ते बाकीचे: कंत्राटी सफाई कामगार, लाँड्रीवाले, लॅब टेक्निशियन, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. माझ्या मते यादी उलट्या टोकाने लिहायला घ्यावी, कारण उघडी सुई कचऱ्यात आली तर ती सफाईवाल्याच्याच हाताला टोचते. कंत्राटदाराला आधी लेखी कळवा आणि प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या तासांत धरायला लावा. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुजू होताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण देणं, तसंच हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही संस्थेचीच जबाबदारी आहे. म्हणून त्याच यादीत लसीचा एक रकाना आखा. हेपॅटायटिस बीचे तीन डोस (पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात) आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. तपासणीचा आकडा १० (mIU/ml) किंवा त्याहून वर हवा. रकाना भरायला घेतला की किती जणांचे डोस अर्धवट राहिलेत ते आपोआप दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो वॉर्डातल्या फेरीला, आणि ती आठवडाभर आधी व्हायला हवी. बेसिनपाशी उभं राहून नळ सोडून बघा. पाणी येतं का, कोपराने बंद करता येतो का, साबण पंपाचा आहे की ओल्या बशीत विरघळलेली वडी आहे, हात पुसायला कागद आहे की खिळ्याला टांगलेला, दहा जणांनी पुसलेला टॉवेल? मग खाटांकडे वळा. रुग्णाजवळ उभं राहून हात लांब केला तर हँडरबची (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाची) बाटली हाताला लागते का? आत काही आहे का? काही ठिकाणी भरलेल्या बाटल्या हिशेबासाठी इनचार्जच्या कपाटात असतात आणि खाटेला रिकामी लटकत असते. असं दिसलं तर प्रशिक्षण पुढे ढकला आणि आधी कपाटाचं कुलूप काढून घ्या. जिथे बाटलीच नाही तिथे हात कधी स्वच्छ करायचे त्या पाच क्षणांचं पोस्टर लावणं म्हणजे निव्वळ भिंत सजवणं.

ते पाच क्षण सगळ्यांना पाठ असतात: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त वा स्राव लागण्याची शक्यता असेल त्यानंतर, रुग्णाला हात लावल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाचवा बऱ्याचदा चुकतो. खाटेची कड धरली, सलाइनचा स्टँड सरकवला, आणि ‘रुग्णाला कुठे हात लावला?’ म्हणून पुढच्या खाटेकडे.

साहित्य फार लागत नाही. पांढऱ्या ग्लोव्हजचा एक डबा, निळ्या पोस्टर कलरची बाटली आणि डोळ्यांवर बांधायला रुमाल. ग्लोव्हज घालून, डोळे बांधून, तळव्यावर चमचाभर रंग घ्यायचा आणि रोज हात चोळतो तसे चोळायचे. रुमाल काढला की अंगठ्याचं बूड, बोटांची टोकं आणि करंगळीची बाहेरची कड हमखास पांढरी राहिलेली असते. त्यावर भाषणाची गरज उरत नाही. साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद आणि हँडरबला २० ते ३० सेकंद लागतात हे घड्याळ लावून दाखवा, आणि हात दिसायला मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब असतील तर साबण-पाणीच हवं हेही तिथेच सांगून टाका.

अंगठ्या आणि काकणांचा विषय मात्र आदल्या दिवशी, एकेकीशी बाजूला बोलून घ्या. नुकतं लग्न झालेली सिस्टर हातभर चुडा घालून येते, आणि चारचौघांत तिला ‘काढ’ म्हटलं तर पुढचं काहीच तिच्या कानात शिरत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हात मोकळा का हवा हे तिला समजतं. घरच्यांना काय सांगायचं हा तिचा खरा प्रश्न असतो. मेट्रन वयाने मोठ्या असतील तर हे बोलणं त्यांच्यावर सोपवा.

भाषेचंही आधीच ठरवा. कागद मराठीत काढा, इंग्रजीत काढा, तोंडी सगळं कोकणीतच होणार. सफाईवाल्यांत कन्नड बोलणारे असतात, त्यांच्यासाठी चित्रं आणि त्यांच्यातलाच एक जाणता माणूस सोबत हवा.

कचऱ्यासाठी चारही रंगांचे डबे खोलीत आणा आणि वॉर्डातल्याच खऱ्या वस्तू, पण न वापरलेल्या, टेबलावर पसरा. रक्ताच्या जागी कापसाला कुंकवाचं पाणी लावा. पिवळ्यात रक्ताळलेला कापूस, लाल डब्यात सलाइनची नळी आणि ग्लोव्हज, पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुई, निळ्यात काचेची बाटली. एकेकाला उठवून टाकायला लावा. उत्तर बहुतेकांना येतं, हात मात्र जवळ असेल त्या डब्याकडे जातो, म्हणून डबे कुठे ठेवलेत हेही तिथेच तपासून होतं. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. कुंडईच्या जैववैद्यकीय कचरा प्रकल्पाला जाणारी पिशवी ४८ तासांहून जास्त काळ साठवून ठेवायची नाही.

हायपोक्लोराइटचं (जंतू मारायच्या ब्लीचचं) गणित फळ्यावर न लिहिता बादलीत करून दाखवा: ५ टक्क्यांचं एक भाग, पाणी चार भाग, म्हणजे १ टक्का. रोज ताजं करायचं, आणि अ‍ॅसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू होतो. फिनाइलचा वास आला म्हणजे जंतू मेले, हा समज इतका घट्ट आहे की त्यासाठी पाच मिनिटं वेगळी काढा. पीपीई (ग्लोव्हज, मास्क, गाऊन) चढवायला सगळ्यांना जमतं, सराव उतरवण्याचा घ्या.

शेवटी सुई टोचण्याची तालीम. सुईला टोपण परत बसवायचं नाही हे सगळे ऐकून असतात, टोचल्यावर काय करायचं ते कोणी ऐकलेलं नसतं. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच कळवायचं. सुई लागण झालेल्या रुग्णाची असेल तर लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असतो, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्के, आणि एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं दोन तासांत मिळाली तर उत्तम, ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ नाही. कोर्स २८ दिवसांचा. हे आकडे सांगण्याआधी तुमच्याकडे ती औषधं कुठे ठेवली आहेत ते डोळ्यांनी बघून या. नसतील तर कुठे धाडायचं, बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) की म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, हे लिहून ठेवा. कळवायचा नंबर वॉर्डात चिकटवा, आणि प्रशिक्षणाच्या आधीच्या एखाद्या रात्री, दोनच्या सुमारास, त्यावर स्वतः फोन लावून बघा.