'पिर्के आवोत' वाचताना या चुका टाळा

ज्यू धर्मातल्या आद्य रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, नीतिवचने वाचायची तर सुरुवात 'पिर्के आवोत'पासून करावी. इ.स. २०० च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी संकलित केलेल्या मिश्नाचा, म्हणजे तोंडी परंपरेतल्या धर्मनियमांच्या संग्रहाचा, हा एक भाग. आकाराने लहान, म्हणून घाईने वाचला जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तो सुभाषितसंग्रह समजणे. त्यातले एक गुरू शमाया म्हणतात, सत्ताधाऱ्यांच्या नजरेत भरू नकोस. तिसऱ्या प्रकरणात रब्बी हनीना सांगतात, राज्याच्या भल्यासाठी प्रार्थना कर. त्याचा धाक नसता तर माणसांनी एकमेकांना जिवंत गिळले असते. सुटी वाचली की ही वचने एकमेकांना छेद देतात. पण शमाया इ.स.पूर्व पहिल्या शतकातले. हनीना जेरुसलेमच्या मंदिरातले उपप्रमुख याजक, आणि ते मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडले, त्या अखेरच्या काळातले. म्हणून वचनाआधी ते सांगणारा माणूस वाचा.

शम्माय या दुसऱ्या गुरूंचेच पाहा (हे शमाया नव्हेत). 'मी एका पायावर उभा आहे तोवर सगळी तोरा (ज्यूंचे मूळ धर्मशास्त्र) शिकवा' म्हणणाऱ्याला त्यांनी गवंड्याची काठी उगारून हाकलले, अशी गोष्ट तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या नंतरच्या चर्चाग्रंथात, आहे. आणि 'प्रत्येक माणसाचे हसतमुखाने स्वागत कर' हे आवोतमधले वचनही त्यांचेच! मला ते फार जवळचे वाटते. ज्याला ते अवघड गेले असेल, त्यानेच ते सांगितले आहे.

त्याच गोष्टीत शम्मायांचे समकालीन गुरू हिलेल त्या माणसाला उत्तर देतात: तुला जे नकोसे वाटते ते दुसऱ्याशी करू नकोस. हे वचन आवोतमध्ये शोधत बसू नका, तिथे ते नाही. एक जीव वाचवणाऱ्याने सारे जग वाचवले, हेही तिथले नव्हे. ते मिश्नाच्याच 'सन्हेद्रिन' भागातले.

मराठी वाचकाची फसगत 'आवोदा' या शब्दापाशी होते. आवोतमधले आणखी एक गुरू शिमोन हत्सद्दीक म्हणतात, जग तीन गोष्टींवर उभे आहे: तोरा, आवोदा आणि दयेची कृत्ये. आवोदाचे भाषांतर 'सेवा' केले की आपल्याला जनसेवा आठवते. इथे अर्थ मंदिरातली उपासना. माणसांसाठी करायचे ते तिसऱ्या खांबात येते.

संदर्भाचे क्रमांक जुळत नसतील तर गोंधळू नका. आवृत्तीनुसार ते बदलतात, रब्बीच्या नावाने शोधा. सहावे प्रकरणही मूळचे नाही. पेसाह आणि शावुओत या सणांमधल्या सहा शब्बाथांना (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसांना) एकेक प्रकरण पुरावे म्हणून ते नंतर जोडले गेले.

एकट्याने अडत असाल तर सोबती गाठा. एकाने शमायांची बाजू घ्यावी, दुसऱ्याने हनीनांची, आणि अर्ध्या तासाने बाजू बदलाव्यात.