कुत्रा हरवला आणि सिटी-काउंटीचं शेल्टर एकच असेल तर कुठे धावायचं

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांनी आपल्या भागात सापडलेले प्राणी कुठल्या शेल्टरमध्ये (असे प्राणी ठेवायच्या जागी) नेतात हे आजच शोधून ठेवा, हरवल्यावर नको, तेव्हा हातपाय गळालेले असतात आणि काही सुचत नाही. आमची चिंगी ४ जुलैच्या फटाक्यांना घाबरून कुंपणावरून उडी मारून पळाली आणि आम्ही दोन दिवस सिटीच्या नंबरवर फोन करत बसलो. ती होती काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) शेल्टरमध्ये, कारण सिटीने स्वतःचं शेल्टर बंद करून काउंटीशी करार केला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

तर आधी हे समजून घ्या की प्राण्यांचं काम तीन तुकड्यांत असतं. रस्त्यावरून प्राणी उचलणारे ऑफिसर वेगळे, ठेवायची जागा म्हणजे शेल्टर वेगळं आणि पाळीव प्राण्याचं लायसन्स देणारं खातं वेगळं. करार झाला म्हणजे तिन्ही एकाच ठिकाणी गेलं असं अजिबात समजू नका, ऑफिसर सिटीचे आणि शेल्टर काउंटीचं असंही असतं. म्हणून फोनवर "शेल्टर कुठेय" एवढंच विचारू नका, "माझ्या पत्त्यावरून उचललेला कुत्रा नेमका कुठे नेतात" असं विचारा.

प्रत्येक ठिकाणी रचना वेगळी. ऑस्टिनमध्ये शेल्टर सिटीचं आहे आणि ट्रॅव्हिस काउंटीच्या सिटीबाहेरच्या भागातले प्राणीही तिथेच जातात, पोर्टलंडला उलटं, तिथे मल्टनोमा काउंटी सगळं बघते. सिएटलचं स्वतःचं शेल्टर आहे पण शेजारचे रेडमंड, सॅमामिश किंग काउंटीकडे, आणि त्यांचं शेल्टर केंटला. शिवाय हे करार ठराविक मुदतीचे असतात, मुदत संपली की बदलू शकतात, त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी दिलेल्या माहितीवर विसंबू नका, वर्षातून एकदा स्वतः खात्री करा.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती गोष्ट. तुमच्या पत्त्यात शहराचं नाव आहे म्हणजे तुम्ही त्या शहराच्या हद्दीत आहात असं नाही! पोस्टाचं शहर आणि सिटीची हद्द जुळतेच असं नाही, कित्येक घरं प्रत्यक्षात अनइनकॉर्पोरेटेड काउंटीत, म्हणजे कुठल्याच सिटीत न मोडणाऱ्या भागात असतात. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघा किंवा काउंटीच्या साईटवर नकाशात पत्ता टाका, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कुत्र्याला हद्द कळत नाही, त्यामुळे शेजारच्या शेल्टरचाही नंबर सेव्ह करा.

हरवल्यावर फोनवर "नाही आला" ऐकून थांबू नका, स्वतः जा. चिंगी आपली देशी, इंडियातून आणलेली, तिच्या पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिलं होतं "शेफर्ड मिक्स", वय सहा (ती तीन वर्षांची आहे), आणि पट्ट्याचा रकाना रिकामा, कारण पट्टा कुंपणात अडकून राहिला होता. फोनवरच्या माणसाने यादी बघून नाही सांगितलं तर त्याची काय चूक, यादीत आमचं वर्णन नव्हतंच. म्हणून प्रत्येक रांग डोळ्यांनी बघा, आजारी आणि क्वारंटाईनमधले प्राणी कुठे ठेवलेत ते विचारा, आणि फोटोसकट लॉस्ट रिपोर्ट देऊन या. एक-दोन दिवसांनी परत जा.

दिवस मोजायला लगेच लागा, कारण ठेवायची मुदत राज्याप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलते. कॅलिफोर्नियात साधारण सहा कामाचे दिवस, आणलेला दिवस न धरता, पण शेल्टर वीकेंडला एक दिवस किंवा एखाद्या संध्याकाळी सातपर्यंत उघडं असेल तर चारच. मुदत संपली की तो प्राणी दत्तक दिला जाऊ शकतो, मग कितीही रडलं तरी कागद तुमच्या बाजूने नसतो.

सोडवायला जाताना फोटो आयडी, रेबीजचं सर्टिफिकेट, व्हेटचे कागद आणि जुने फोटो न्या. दंड आणि रोजचं भाडं द्यावं लागतं, कॅलिफोर्नियात न्यूटर (नसबंदी) केलेला नसेल तर पहिल्या वेळी वर ३५ डॉलर.

चिपबद्दल (प्राण्याच्या कातडीखाली बसवतात ती) कळकळीने सांगते. १ ऑगस्ट २०२४ पासून बाहेरून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला चिप लागते, त्यामुळे त्यानंतर इंडियातून आणलेल्यांना ती असतेच, पण तिच्यात फक्त नंबर असतो, तुमचा फोन नसतो. तो नंबर इथल्या रजिस्ट्रीत तुमच्या चालू फोनसकट नोंदवला नसेल तर स्कॅन करूनही कोणाला काही कळत नाही. एएएचएच्या (अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशन) लुकअप साईटवर नंबर टाकला की कुठल्या रजिस्ट्रीत आहे ते दिसतं. आमची नोंद नव्हती, स्कॅन झालं होतं, आणि तरीही ती दोन रात्री तिथे पडून होती...

तुमच्या सिटीत असा करार चर्चेला आला तर कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन बोला. शेल्टर किती मैलांवर जाणार, बस जाते का, ज्याच्याकडे गाडी नाही त्याने काय करायचं, रात्री जखमी कुत्रा दिसला तर कोण येणार, आणि सिटीने काउंटीला द्यायचे पैसे लोकसंख्येवर ठरणार की प्राण्यांच्या संख्येवर, हे विचारा. बचतीचे आकडे ते स्वतःहून दाखवतात, अंतर मात्र विचारावं लागतं.

आणि प्राणी सापडला की लॉस्ट रिपोर्ट बंद करायला आठवणीने फोन करा, नाहीतर तिथली माणसं तुमच्या घरी झोपलेल्या कुत्र्याला शोधत बसतात.