ब्लेंडरमध्ये पहिला परग्रह कसा बनवायचा

ब्लेंडर हे थ्रीडी दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे सुरुवात त्यातच करा. उघडल्यावर समोर दिसणारा क्यूब उडवा, मोठा प्लेन (सपाट चौकोनी पत्रा) घ्या, एडिट मोडमध्ये सबडिवाइड करून त्याचे भरपूर तुकडे पाडा आणि मग डिस्प्लेस मॉडिफायर लावून टेक्स्चर क्लाउड्स ठेवा, लगेच डोंगर-दऱ्या वर येतात. फारच खडबडीत झालं तर स्ट्रेंग्थ कमी करा.

खरी मजा उजेडात आहे, जमिनीवर उगाच तास घालवू नका. सन लाइट तिरका करा, इतका की सावल्या लांबच लांब पडतील, साधी जमीनपण भारी दिसते. दोन सूर्य पाहिजेत तर दोन लाइट टाका, एक लालसर नि मंद, मग प्रत्येक दगडाला दोन सावल्या पडतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही पृथ्वी नाही. चंद्राचा फोटो चिकटवू नका राव, स्फिअर ठेवा, उजळ बाजू आपोआप सूर्याकडे येते.

लांबचे डोंगर लांब वाटायला धुकं लागतं. ते वर्ल्डला, म्हणजे सीनभोवतीच्या पार्श्वभूमीला, लावलंत तर सायकल्समध्ये (ब्लेंडरचं एक रेंडर इंजिन, म्हणजे अंतिम चित्र काढणारा भाग) सन लाइटच गिळला जातो, म्हणून सगळी जमीन मावेल एवढ्या क्यूबला व्हॉल्यूम स्कॅटर (उजेड पसरवून धुकं करणारा शेडर) द्या, डेन्सिटी ०.०१ पासून खाली उतरवत बघा. मग एफ१२ दाबून अंतिम चित्र रेंडर करा.